गाठीची भूक

इंजेक्शन टोचायच्या आधी अण्णांनी त्या बाईंना विचारलं, "ह्यात काय हाय?"

अण्णा म्हणजे माझे वडील. त्यांच्या फुफ्फुसात गाठ निघाली होती, आणि ती आणखी कुठं कुठं पसरलीय ते बघायला मी त्यांना सोलापुरातल्याच एका स्कॅन सेंटरवर घेऊन गेले होते. तिथल्या टेक्निशियन बाई भल्या होत्या. "साखरच आहे काका," त्या म्हणाल्या. "म्हणजे साखरेसारखंच, फक्त त्यातून किरणं निघतात. गाठीला साखर फार लागते. ती हे ओढून घेते, मग फोटोत आम्हाला चमकताना दिसते."

अण्णांनी मान डोलावली. पुढं बराच वेळ त्यांना अंधाऱ्या खोलीत न बोलता, न हलता पडून राहायचं होतं. माझे वडील न बोलता पडून राहिले, तेव्हाच मला आजाराची खात्री पटली. रिपोर्टची गरजच नव्हती.

बाहेर आले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. मला ते आठवलं की अजून राग येतो. कारखान्यात एखादी गळती सापडली की त्यांचा चेहरा जसा खुलायचा, तसा तो खुलला होता. रिक्षात बसता बसता म्हणाले, "सापडलं की. साखर खातीय ती."

"बरं, मग?"

"मंग काय. द्यायची न्हाय."

अण्णांनी सगळी नोकरी माळशिरस तालुक्यातल्या एका साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत केली. लॅब केमिस्ट होते. आम्ही कॉलनीतच वाढलो. हंगाम सुरू झाला की हवेत मळीचा वास आणि दोरीवरच्या कपड्यांवर चिमणीची काजळी. रसात साखर किती, रस आंबट किती, हे तपासण्यात अण्णांचा दिवस जायचा. पण त्यांचं खरं वैर होतं जंतूंशी. उसाचा रस मिलच्या सांदीकोपऱ्यात, पन्हळीत, जाळीखाली साचून राहिला की तिथं जंतू धरतात. ते साखर खातात आणि आम्ल टाकतात. हाताला शेंबडासारखा लागणारा बुळबुळीत थर जमतो, रस आंबतो, साखरेचा उतारा घटतो, आणि मग वरचे साहेब केमिस्टच्या नावानं शंख करतात. त्यावर अण्णांचा उपाय एकच. साचू द्यायचं नाही. उकळतं पाणी, वाफेचा मारा, ब्लीचिंग पावडर, पन्हळी घासून लख्ख. "खायला न्हाय मिळालं की मरतंय," हे वाक्य मी लहानपणी इतक्यांदा ऐकलंय की शाळेतल्या पाढ्यांच्या आधी मला ते पाठ होतं.

अशा माणसाला कळलं की आपल्या छातीत एक गाठ आहे, ती साखर खाते आणि आम्ल टाकते. आम्लाचं मीच सांगितलं. मी ज्युनियर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते आणि मला गप्प बसता येत नाही, हा गुण मी कुणाकडून घेतला ते सांगायला नको. दुसऱ्या एखाद्याला हे ऐकून घाम फुटला असता. अण्णांना मात्र जुनं गिऱ्हाईक भेटल्यासारखं झालं.

पहिल्यांदा चहातली साखर गेली. ती जावीच, म्हणून मीही काही बोलले नाही. मग गूळ गेला, फळं गेली. उजनीच्या काठावरच्या आमच्या नातेवाइकांनी केळीचा घड पाठवला होता, तो शेजारीपाजारी वाटून टाकायला लावला. मग एका दुपारी आईनं भाकरी वाढली, तर ताट सरकवून म्हणाले, "पिष्ट म्हंजे साखरच की. पोटात गेल्यावर काय येगळं ऱ्हातंय?" रसायनशास्त्राच्या दृष्टीनं ते अगदी बरोबर होतं, हेच तर दुखणं. चुकीचं बोलणाऱ्या माणसाशी भांडता येतं. भात गेला, दूध गेलं. उरलं काय, तर उकडलेला पाला, अंड्याचं पांढरं आणि घोटभर पातळ ताक. ज्या माणसाला कडक भाकरी आणि शेंगाचटणी पुढ्यात नसली की जेवल्यासारखं वाटायचं नाही, तो माणूस मेथी उकडून खाताना बघून आई पदर तोंडाला लावायची.

भेटायला येणारे तर काय, उंटावरचे शहाणे. ज्याच्या त्याच्या मोबाईलवर तोच निरोप फिरत होता, की कॅन्सर साखरेवर जगतो, साखर तोडा, कॅन्सर मरेल. "अण्णा, लई कंट्रोल हाय तुमचा," म्हणून कौतुक करायचे आणि आईनं केलेला शिरा खाऊन जायचे. मी एकदा एका पाहुण्याच्या हातातली बशी काढून घेतली होती. आई त्यावरून मला आजही बोलते.

उपचार सुरू झाले. केमोथेरपी नव्हती ही. डॉक्टरांनी सांगितलं की ह्या औषधानं गाठीवर थेट हल्ला होत नाही, शरीराच्या स्वतःच्या पांढऱ्या पेशी लढतात, औषध त्यांना मोकळं करतं. दर तीन आठवड्यांनी सलाईनमधून द्यायचं. आणि निघताना डॉक्टर म्हणाले, "काका, भरपूर खायचं. वजन उतरू द्यायचं नाही. पथ्य काही नाही."

"व्हय व्हय," अण्णा म्हणाले. घरी येऊन पालाच खाल्ला.

आईनं तिच्या परीनं युक्ती केली. भाजीत ज्वारीचं पीठ पेरून बघितलं, ताकात चिमूटभर साखर विरघळवून बघितली. अण्णांनी एक घोट घेतला, जिभेवर फिरवला आणि तांब्या खाली ठेवला. त्या दिवशी ताकही बंद झालं. आई स्वयंपाकघरात मला म्हणाली, "जलमभर रस चाखल्याला माणूस ह्यो. त्येला मी काय फसवणार?"

मग मी ठरवलं की फसवायचं नाही, पटवायचं. रविवारची दुपार होती. बाहेर सोलापूरचं ऊन म्हणजे बघायलाच नको. खिडक्यांना ओले पडदे लावून आम्ही दोघं आतल्या खोलीत बसलो होतो. अण्णा कॉटवर, मी खाली फरशीवर. शाळेत असताना गणितं सुटेनात की मी अशीच बसायचे. आता मी शिकवणार होते.

"अण्णा, मिलमध्ये त्या पन्हळीतल्या रसावर जंतूंशिवाय दुसरं कुणी जगत नव्हतं," मी म्हणाले. "इथं जगतं."

आणि मी सांगायला लागले. पांढऱ्या पेशींमध्ये एक शिपायांची जात असते, टी पेशी. निवांत असतात तेव्हा त्यांना फारसं काही लागत नाही. पण शत्रू ओळखला की त्यांना एकाचे अनेक व्हायचं असतं, हत्यारं तयार करायची असतात, आणि त्याला साखर लागते. कुठली? तीच, त्याच रक्तातली, जी गाठीला हवी असते. आता हे शिपाई गाठीत शिरले की त्यांना काय मिळतं? गाठीनं आधीच ताट चाटून पुसून ठेवलेलं असतं. ऊस गोड लागला म्हणून मुळापासून खाऊ नये, ही म्हण गाठीला कुणी शिकवलेली नसते. ती गरजेपेक्षा कितीतरी जास्त साखर ओढते, अर्धवट जाळते आणि उरलेलं लॅक्टिक आम्ल बाहेर टाकून देते. दह्याला आंबट करतं तेच. म्हणजे शिपाई उपाशी, आणि वर आम्लात उभे. ते लगेच मरत नाहीत अण्णा, ते दमतात. समोर शत्रू दिसतो आणि हात उचलत नाही. त्यांच्यातच आणखी एक जात असते, भांडण मिटवणाऱ्यांची. त्यांना ते आम्ल सोसतं, त्याच्यावर त्यांची गुजराण होते, आणि ते बाकीच्यांना गप्प बसवतात. एकूण गाठीचा कारभार असा, की तिच्या घरात तिच्या बाजूचेच तेवढे जेवतात.

अण्णा मन लावून ऐकत होते. त्यांना आवडत होतं ते, मला दिसत होतं. माझ्या वर्गात इतकं मन लावून कुणी ऐकत नाही.

"तुम्हाला जे औषध देतात, ते शिपायांचा ब्रेक काढतं," मी म्हणाले. "नुसता ब्रेक काढून गाडी पळत नाही. तेल लागतं."

"साखर न्हाय दिली तर दोघंबी उपाशी," अण्णा म्हणाले. "मला चालतंय की."

"दोघं नाही! गाठ पहिल्यांदा घेते. तुम्ही खाल्लं नाही म्हणून रक्तातली साखर संपत नसते. तुमचं यकृत ती तयार करतं, तुमच्याच मांसातून. दंडाकडं बघा तुमच्या. गाठ तुमचा दंड खातीय अण्णा. सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात, इथं नुसतं ओलंच जळतंय."

त्यांनी खरंच दंडाकडं बघितलं. बनियनच्या बाहीतून तो काठीसारखा बाहेर आला होता.

मी तेवढ्यावर थांबले नाही. "ऊस तोडला तरी काही दिवस जिवंत असतो, आणि जगायला स्वतःचीच साखर खातो. म्हणून गाड्या यार्डात उभ्या राहिल्या की उतारा घटतो. हे मला कुणी शिकवलं? तुम्ही सध्या तोडून ठेवलेला ऊस झालाय."

ते हसले. "फोटूत मेंदूबी चमकत हुता, रिपोर्ट वाचताना म्हन्लीस न्हवं?"

"चमकणारच. तोही साखरच खातो. त्यालाही उपाशी मारणार का?"

"त्येला काय काम हाय आता. रिटायर झालोय."

मला हसू आलं नाही. मग त्यांनी त्यांचा तो केमिस्टचा प्रश्न काढला, ज्याची मला धास्ती होती. "एक सांग. मी भाकरी खाल्ली तर त्यातलं शिपायाला किती जातंय आन् गाठीला किती, हे कुणी मोजलंय का?"

खोटं बोलता आलं असतं. पण त्यांच्यापुढं मला कधीच जमलं नाही. "असं नेमकं मोजलेलं मला ठाऊक नाही," मी म्हणाले. "उंदरांवर पुष्कळ बघितलंय. माणसाचं गुंतागुंतीचं असतं. पण वजन उतरलेल्या माणसाचे हाल होतात, हे सगळे डॉक्टर सांगतात."

"म्हंजे तू अंदाजानं बोलतीस."

"आणि तुम्ही?"

"मीबी अंदाजानंच. पर शरीर माजं हाय."

पालथ्या घड्यावर पाणी. संध्याकाळी परत मेथी.

पुढच्या खेपेला डॉक्टरांनी वजन बघितलं, रक्ताचे रिपोर्ट बघितले आणि सलाईन लावलंच नाही. अण्णांना बाहेर बसवून मला म्हणाले, "मॅडम, ह्या तब्येतीवर मी पुढचा डोस देऊ शकत नाही. त्यांनी खायला पाहिजे. थोडं जरी वजन चढलं तर पुन्हा सुरू करू. नाहीतर मग त्रास होणार नाही एवढंच बघायचं." मी विचारलं, खाल्लं तर औषध लागू पडेल का? ते म्हणाले, "सांगता येत नाही. सगळ्यांना पडत नाही. पण न खाल्लं तर तो प्रश्नच उरत नाही."

घरी आलो. आईला आमचे चेहरे पुरले. मी मुकाट्यानं भात लावला, मऊ, तूप घालून कालवला आणि ताट अण्णांच्या पुढ्यात ठेवलं. त्यांनी ते नेहमीसारखं बोटानं सरकवलं.

माझा तोल गेला. मी काय काय बोलले ते सगळं इथं लिहिण्यासारखं नाही. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही तुमचा, असं म्हणाले. तुमच्या कारखान्याची पन्हळ नाहीये ही, असं ओरडले. शेजारच्या घरातला टीव्ही बंद झाला, इतकी ओरडले. आणि बोलता बोलता मधेच मला रडू फुटलं, तेही लहान पोरीसारखं, नाक गळेपर्यंत. मी पन्नाशीला आलेली बाई, कॉलेजात पोरं मला घाबरतात, आणि मी भाताच्या ताटापुढं फरशीवर बसून म्हणत होते, "अण्णा, मला नाही जमत आता. मला तुम्ही पाहिजे."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग ताट जवळ ओढलं आणि एक घास खाल्ला. मग दुसरा. त्यांना गिळायला जड जात होतं, इतक्या दिवसांची सवयच मोडली होती. पण ताट संपवलं. आईनं दारातून देवाला हात जोडले.

त्या दिवसापासून ते जेवायला लागले. भाकरी कुस्करून दुधात, वरणभात, पेंड खजूर, सकाळी साखर घातलेला चहा. मी स्टाफरूममध्ये फुशारकी मारली. "पटवलं बाई मी माझ्या वडिलांना," असं सगळ्यांना सांगत सुटले. "सायंटिफिक माणूस आहे शेवटी. मुद्दा नीट मांडला की ऐकतो." तोडलेल्या उसाचा माझा दृष्टांत मी एका वर्गातही सांगितला. गालांवर थोडी टवटवी आली, वजनाचा काटा थोडा हलला. डॉक्टर खूश झाले. सलाईन पुन्हा सुरू झालं. ते दिवस बरे गेले, हे मी नाकारत नाही. संध्याकाळी उन्हं उतरली की आम्ही दोघं गल्लीच्या टोकापर्यंत चालून यायचो आणि अण्णा वाटेत दिसेल त्या रसवंतीच्या चरकाची स्वच्छता तपासायचे. रसवंतीवाले वैतागायचे.

मग पुन्हा स्कॅन झालं. तोच अंधार, तीच साखर. ह्या खेपेला यकृतातही चमकत होतं, आणि छातीतली मूळ गाठ पहिल्यापेक्षा मोठी झाली होती.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं, की काही जणांत ह्या औषधाचा उपयोग होत नाही. शिपाई जागे होतात, पण गाठीच्या आत पोचतच नाहीत, किंवा पोचून तिथं टिकत नाहीत. मी विचारायच्या आधीच म्हणाले, "खाण्यामुळं झालं असं मनात आणू नका." मी मान हलवली. मला ते सगळं ठाऊक होतं. दुसऱ्या कुणी विचारलं असतं तर मीच हे ह्याच शब्दांत सांगितलं असतं. पण त्या दिवशी रिक्षात अण्णांच्या शेजारी बसल्यावर माझ्या डोक्यात एकच चाललं होतं. भात, खजूर, साखरेचा चहा.

पहिल्या स्कॅनच्या दिवशी "सापडलं की" म्हणणारा माणूस बाहेरची दुकानं बघत बसला होता.

औषध थांबलं. पुढं पुढं त्यांना कॉटवरून उठवेना. श्वास अपुरा पडायचा, बोलायचे ते तोडून तोडून. पण जेवायला कधी नाही म्हणाले नाहीत, ह्याचं मला नवल वाटायचं. भूक तर उरलेलीच नव्हती. मी भरवायचे, ते खायचे. कधी कधी ओकारी यायची, ती आवरून पुढचा घास घ्यायचे.

एका सकाळी मी रव्याची खीर घेऊन बसले होते. आई अंघोळीला गेली होती. दोन-चार चमचे झाले आणि माझ्याच्यानं राहवेना. मी म्हणाले, "अण्णा, खरं सांगा. मी खायला लावलं म्हणून ती वाढली, असं तुम्हाला वाटतं का?"

त्यांनी उत्तर द्यायला वेळ घेतला. प्रयोगशाळेत आकडा पुन्हा एकदा बघितल्याशिवाय ते कधी बोलत नसत. "काय की," ते म्हणाले. "मोजलंय कुणी?"

"पण तेव्हा तुम्हाला पटलं होतं ना? शिपायांचं, उसाचं?"

"न्हाय."

मला वाटलं, त्यांना प्रश्न कळला नाही. "नाही कसं? खायला लागलात की तुम्ही."

"मला तवाबी पटलं न्हवतं, आताबी न्हाय." श्वास घ्यायला थांबले. "परत्येक घासाला वाटायचं, तिलाच घालतोय."

"मग खाल्लं कशाला?" माझा आवाज चढला होता. आजारी माणसावर.

"तू रडलीस की," अण्णा म्हणाले. त्यात काय विचारायचं, अशा सुरात.

मी चमचा वाटीत ठेवला. मला त्यांचा राग आला होता, माझा आला होता, आणि मला त्यांच्या पायांवर डोकं ठेवून रडायचं होतं. रडता येत नव्हतं. मी रडले की हा माणूस काय करतो, ते आता मला कळलं होतं.

"आता राहू दे मग," मी म्हणाले. "नका खाऊ."

त्यांनी माझ्या तोंडाकडं नीट बघितलं. डोळे भरलेत का, तेवढंच बघत होते ते. मग मान थोडी उचलली आणि तोंड उघडून थांबले.

वाटीत निम्मी खीर होती. मी ती सगळी भरवली.